कमाल वेग शून्य

खरं बोलणाऱ्या माणसाला कागदाची भीती नसते, असं दशांशबाईंचं ठाम मत होतं. त्यातून तीन दशांश स्थळांपर्यंत खरं बोलणाऱ्याला तर कुणाच्या बापाची भीती नसते! हे मत त्यांनी चौदा वर्षं बाळगलं आणि एका रविवारी, दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटांनी, गुडघाभर पाण्यात उभं राहून सोडून दिलं.

दशांशबाई हे नाव त्यांना गावातल्या लोकांनी दिलं होतं. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि नोकरीला समुद्रकाठच्या एका संग्रहालयात. गंजणारं लोखंड, कुजणारं कापड आणि बुरसटणारं चामडं यांना आहे तसं टिकवून धरणं हे त्यांचं काम. "किती वाजले हो?" असं कुणी सहज विचारलं, तर "दहा वाजून सतरा मिनिटं, पण भिंतीवरचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे आहे" असं उत्तर यायचं. विचारणारा पुढच्या वेळी सूर्याकडे बघून अंदाज करायचा.

संग्रहालय होतं युद्धकाळातल्या एका शाळेचं. समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर कसं उतरायचं, हे तिथे सैनिकांना शिकवत. ऐकायला सोपं वाटतं. पण पाठीवर तीस किलो ओझं घेऊन बोटीतून उडी मारणारा माणूस पहिल्यांदा तोंडावरच आपटतो, म्हणून सराव हवा. सरावाला बोटी हव्यात. आणि बोटी तर सगळ्या खऱ्या युद्धावर गेलेल्या! तेव्हा कुण्या हुशार अधिकाऱ्याने वाळूवरच सिमेंटची बोट ओतून घेतली. मापाने अगदी खऱ्या बोटीइतकी. दोन्ही बाजूंना आणि मागे कमरेएवढी भिंत, पुढची बाजू सताड उघडी. छत्तीस जणांनी रांगेत उभं राहायचं, तीन शिट्ट्या वाजल्या की उघड्या बाजूने धावत सुटायचं आणि वाळूत पालथं पडायचं. समुद्र मागे शंभर पावलांवर होता. त्याला कुणी सरावात घेतलं नव्हतं.

युद्ध संपलं, शाळा मिटली, बोट तेवढी उरली. ऐंशी वर्षांत ती एक इंचही हलली नाही. समुद्रच कंटाळून पुढे सरकला. आता उधाणाच्या भरतीला पाणी तिच्या बुडाला शिवून जायचं.

या बोटीवर दशांशबाईंचा जीव होता. बोलून दाखवत नसत, पण दर महिन्याच्या एक तारखेला भिंग आणि पट्टी घेऊन तिच्या भेगा मोजत. बोटीच्या तळावर, सिमेंट ओलं असताना उमटलेले ठसे होते. पुढे कुत्र्याची पावलं, मागे एका माणसाचे बूट. बुटांमधलं अंतर वाढत गेलेलं, म्हणजे गडी धावत होता. कुत्र्याचं अंतर तेवढंच, म्हणजे कुत्र्याला घाई नव्हती! अख्ख्या संग्रहालयात दशांशबाईंना हसू यायचं ते एवढ्याच एका ठिकाणी.

आणि मग मंगळवारी सकाळी त्या ठशांवर लाल रंगाची फुली आली.

फुली मारणारे किनारा सुशोभीकरणाचे इंजिनिअर होते. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात नकाशाची गुंडाळी, आणि किनारा मुळात सुशोभित नाही याबद्दल समुद्रावर राग.

"सोमवारी ही फोडायची," ते म्हणाले. "इथे डॉल्फिन बसवायचा आहे. फायबरचा. तोंड उघडं असेल. लोक त्याच्या तोंडात बसून फोटो काढतील."

"पण हे संग्रहालयाचं आहे!" दशांशबाई म्हणाल्या.

"संग्रहालयाचं असेल, पण संरक्षित नाही. जुन्या वास्तूंच्या यादीत दाखवा, मी फुली पुसतो."

यादीत बोट नव्हती. दशांशबाई बुधवारी जुन्या वास्तूंच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"वास्तूला पाया लागतो, दार लागतं आणि छप्पर लागतं," ते म्हणाले. "ही तर बोट आहे."

"दिसायला बोट आहे. खरं म्हणजे ती सदतीस टन चारशे चाळीस किलो वजनाचं काँक्रीटचं बांधकाम आहे."

"मॅडम, तुम्हीच अर्जात पाच वेळा बोट म्हटलंय!"

"सहा वेळा," दशांशबाईंनी दुरुस्ती केली. आणि अर्ज परत घेऊन बाहेर आल्या.

संचालकांना हे सांगितलं, तेव्हा ते खिडकीत उभे राहून समुद्राकडे बघत होते. संचालक आयुष्यात कधी सैन्यात नव्हते. पण या किनाऱ्यावर पहिली उडी आपणच मारली होती, अशा थाटात ते वावरत. गळ्यात सरावातली जुनी शिट्टी असे. सहलीची पोरं आली की त्यांना बोटीत उभं करून ती तीनदा फुंकायची आणि पोरं धावत सुटली की स्वतः डोळे पुसायचे, हा त्यांचा नेम.

"लढू!" संचालक म्हणाले. "शेवटच्या माणसापर्यंत लढू!"

शेवटचा माणूस कोण, हे दशांशबाईंच्या लक्षात आलं. संग्रहालयात माणसं दोनच होती.

संध्याकाळी त्या घरी आल्या त्या चेहरा पाडून. सासूबाई चहा गाळत होत्या. सासूबाई बंदर कार्यालयाच्या नोंदवही विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. चौतीस वर्षांत त्यांनी समुद्र खिडकीतून पाहिला, पण त्यातली एकही बोट त्यांच्या शिक्क्याशिवाय हलली नाही. नवरा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. या दोघींच्या मध्ये बोलायचं नाही, हे तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता.

"काय गं, कोण गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. सोमवारी जाणार आहे." दशांशबाईंनी सगळं सांगितलं.

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "ते म्हणतात बोट आहे?"

"हो ना!"

"मग वाद कशाला घालतेस? बोट तर बोट! आमच्या कार्यालयात नोंदव. एकदा नोंदवहीत चढली की बंदर कार्यालयाच्या परवानगीशिवाय तिला ब्रह्मदेवही फोडू शकत नाही."

"आई, ती तरंगत नाही!"

"नोंदवहीतल्या निम्म्या तरंगत नाहीत. अगं, वस्तू बुडली तरी चालते, कागद बुडता कामा नये."

"पण मी खोटं लिहिणार नाही."

"कोण सांगतंय खोटं लिहायला? रकाने भर. एकही रिकामा ठेवू नकोस. रिकामा रकाना दिसला की माणूस वाचायला लागतो."

गुरुवारी दशांशबाईंनी एक्केचाळीस रकान्यांचा अर्ज भरायला घेतला. असा अर्ज बंदर कार्यालयाच्या इतिहासात कुणी भरला नसेल! लांबी: ११.००० मीटर. बांधणीचं साहित्य: काँक्रीट. इंजिन: नाही. वल्ही: नाहीत. शीड: नाही. कमाल वेग: ०.०००. तरंगण्याची क्षमता: शून्य, पुढची भिंत नसल्यामुळे. पाण्यात शेवटचा प्रवास: कधीच नाही. प्रवासी क्षमता मात्र छत्तीस, कारण तेवढे मावतात हे त्यांनी स्वतः मोजलं होतं.

घोडं अडलं ते अडतिसाव्या रकान्यावर. कप्तान.

"माझं नाव घाला!" संचालक शिट्टी चाचपत म्हणाले.

"सर, इथे लिहिलंय, नौकानयनाचा दाखला किंवा विज्ञान शाखेची पदवी."

"इतिहास चालत नाही?"

"नाही."

"म्हणजे ज्यांनी इतिहास घडवला..." संचालकांचा आवाज भरून आला. "ठीक आहे! तुमचं घाला. शेवटी हुकूम कोण देतं हे सगळ्यांना माहीत आहे."

दशांशबाई कप्तान झाल्या. बागेतल्या झोपाळ्यावरही त्यांना मळमळतं, ही गोष्ट लिहायला रकाना नव्हता.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वरून खाली पाहिला. एक्केचाळीस रकाने, सगळे भरलेले, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. त्याने वाचलं नाही. कौतुकाने नुसतं पाहिलं. आत पाठवला. दहा मिनिटांनी सही होऊन बाहेर आला. धाड्! शिक्का पडला. सिमेंटची बोट सरकारदरबारी जलयान झाली. 'खरं बोलणाऱ्याला कागदाची भीती नसते,' दशांशबाई मनात म्हणाल्या आणि परत येताना चक्क गुणगुणल्या.

शुक्रवारी इंजिनिअरांनी ते प्रमाणपत्र तीनदा वाचलं. "जलयान? ही?"

"नोंदणी क्रमांक खाली आहे," दशांशबाई म्हणाल्या.

"ठीक आहे. नोंदणी आहे तोवर मी हात लावत नाही. पण मॅडम, ज्या क्षणी ही नोंदणी रद्द होईल, त्या क्षणी माझं मशीन इथे असेल. मशीन वाळूवर आणून ठेवलंय, ते परत नेणार नाही."

इथे गोष्ट संपली असती. बोट वाचली असती, डॉल्फिन तोंड उघडं ठेवून गोदामात पडला असता आणि दशांशबाईंनी एक तारखेला भेगा मोजल्या असत्या. पण त्याच दुपारी संचालकांना एका वर्तमानपत्रातून फोन आला, आणि संचालकांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शनिवारी सकाळी नवऱ्याने वर्तमानपत्र दशांशबाईंच्या ताटाशेजारी ठेवलं आणि लगबगीने अंघोळीला गेला. मथळा होता: 'ऐंशी वर्षांनी ऐतिहासिक बोट समुद्रात! रविवारी भरतीला पहिली फेरी. पहिल्या छत्तीस जणांना संधी.'

"सर, हे काय?" दशांशबाईंचा फोन.

"अहो, मी एवढंच म्हटलं, की बोट पुन्हा सज्ज आहे. मग तो म्हणाला, समुद्रात जाणार का? मी म्हटलं, वीराची जागा समुद्रातच! मग तो म्हणाला कधी, तर समोर भरतीचं कोष्टक होतं, मी रविवार सांगितला..."

"सर, ती सिमेंटची आहे!"

"सिमेंटची जहाजं असतात हो! मी वाचलंय."

"असतात. त्यांना पुढची भिंत असते!"

"तुम्ही विज्ञानवाले ना," संचालक म्हणाले, "नाही म्हणायला फार लवकर शिकता."

दुपारी बंदर कार्यालयाचा माणूस पत्र घेऊन आला. तपासणी न करता प्रवासी फेरी जाहीर केल्याबद्दल खुलासा करावा. सर्वेक्षक रविवारी भरतीच्या वेळी प्रवाशांसह चाचणी घेतील. जलयान अपात्र ठरल्यास नोंदणी तत्काळ रद्द.

खाली सूचना: कप्तानाने जातीने हजर राहावे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! दशांशबाईंनी भरतीचं कोष्टक काढलं. रविवार, बारा वाजून चोवीस मिनिटं. वर्षातली सगळ्यात मोठी भरती. संचालकांचा नेम चुकतो तोसुद्धा किती अचूक!

रविवारी अकरा वाजताच किनारा फुलला. लोक टोप्या घालून आले, दुर्बिणी घेऊन आले. एक गृहस्थ प्रवासाला चार दिवसांचे कपडे घेऊन आले. एका आजोबांनी कमरेला बदकाच्या तोंडाची हवेची रिंग चढवली होती आणि ते अत्यंत गंभीर होते. इंजिनिअर आपल्या मशीनला टेकून, हाताची घडी घालून उभे. सासूबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि जिथून सगळं दिसेल अशा जागी, सगळ्यांच्या पुढे बसल्या.

आणि संचालक आले! संचालकांच्या अंगात काचेच्या कपाटातलं जॅकेट होतं. अस्सल, ऐंशी वर्षांचं.

"सर! ते सूत कुजलंय! मी त्याला चौदा वर्षं श्वाससुद्धा लागू दिला नाही!"

"आजच्या दिवसासाठीच जपलंत तुम्ही ते."

"हात वर करू नका. काही झालं तरी हात वर करू नका!"

बरोबर बाराला सर्वेक्षक आले. सडपातळ माणूस, काखेत फाइल, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्यांनी बोटीला एक फेरी मारली. भिंतीला टिचकी मारली. बोटाकडे पाहिलं.

"कप्तान कोण?"

"मी," दशांशबाई म्हणाल्या.

"प्रवासी चढवा."

"साहेब, मला आधी काही सांगायचं आहे."

"चाचणीनंतर. नियम आहे."

छत्तीस प्रवासी चढले. बदकवाले आजोबा पहिल्या रांगेत. मागच्या भिंतीशी सर्वेक्षक, त्यांच्या शेजारी दशांशबाई, आणि पुढे उघड्या बाजूला, छाती काढून संचालक. खरं सांगायचं तर दशांशबाईंना त्या क्षणी एकच चिंता होती: छत्तीस जोड्यांखाली कुत्र्याची पावलं तर झिजत नाहीत ना?

बारा चोवीस. पाणी आलं. आधी पाठीमागे चुबुक चुबुक वाजलं. मग एक मोठी लाट आली, बोटीच्या मागच्या भिंतीवर फुटली आणि दोन्ही बाजूंनी फेसाळत पुढे धावली. आता बघा, माणूस भिंतीआड उभा असला आणि दोन्हीकडून पाणी पुढे पळू लागलं, की त्याला वाटतं आपणच मागे चाललो. ही शाळेत शिकवायची गोष्ट आहे. पण शाळा कुणाला आठवते!

"सुटली!" कुणीतरी ओरडलं.

"अगंबाई, खरंच सुटली!"

"मागे चाललीय! समुद्रात चाललीय!"

"गिअर उलटा पडलाय हो!"

किनाऱ्यावरच्या लोकांना बोट जागच्या जागीच दिसत होती. पण आतले छत्तीस जण एवढे ओरडताहेत म्हटल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कपडे घेऊन आलेले गृहस्थ भिंतीवर ओणवे होऊन ओकू लागले. सापेक्ष गती म्हणजे काय, हे दशांशबाईंना तोंडपाठ होतं. तरी त्यांनी दोन्ही हातांनी भिंत घट्ट धरली. सर्वेक्षकांनी त्याआधीच धरली होती.

"घाबरू नका!" संचालक गरजले, आणि स्वतः एवढे घाबरले की त्यांनी शिट्टी तोंडात धरून हात वर केला.

टर्रर्र! हे जॅकेट. बाही खांद्यापासून सुटून वाऱ्यावर गेली.

फुर्र! फुर्र! फुर्र! ही शिट्टी.

तीन शिट्ट्या! निम्मे लोक लहानपणी सहलीला याच बोटीत उभे राहिलेले. हाडात मुरलेला सराव तो. छत्तीसच्या छत्तीस जण उघड्या बाजूने धावत सुटले आणि गुडघाभर पाण्यात धबाधब उडी मारून पालथे पडले! ऐंशी वर्षांत त्या बोटीतून माणसं पहिल्यांदाच खऱ्या पाण्यात उतरली. बदकवाले आजोबा तेवढे तरंगले. त्यांच्या चेहऱ्यावर 'मी सांगत नव्हतो?' असा भाव होता.

"अप्रतिम!" चिंब झालेली एक बाई म्हणाली. "पुढची फेरी कधी?"

पाण्यात उतरून सर्वेक्षकांनी फाइल उघडली. दशांशबाई त्यांच्यामागे उतरल्या.

"चाचणी प्रवास," ते लिहिता लिहिता म्हणाले. "कालावधी, चार मिनिटं. अंतर?"

"शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य," दशांशबाई म्हणाल्या.

सर्वेक्षकांचं पेन थांबलं. "ही तरंगते का?"

"नाही."

"पूर्वी तरंगत होती?"

"कधीच नाही."

"मग आता आपण गेलो ते?"

"गेलो नाही. पाणी आलं."

सर्वेक्षकांचे कान लाल झाले. "सरकारची फसवणूक! मॅडम, ही नोंदणी मी आत्ता, या क्षणी..."

किनाऱ्यावर इंजिनिअरांनी मशीन चालू केलं. त्याचा धडधडाट दशांशबाईंच्या छातीत ऐकू आला. चौदा वर्षांच्या भेगा, कुत्रा, त्याच्यामागे धावणारा गडी, सगळं त्या आवाजात एकदम चिरडल्यासारखं झालं.

"मी फसवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "रकाना एकोणीस वाचा. तरंगण्याची क्षमता, शून्य. रकाना बावीस, कमाल वेग, शून्य. रकाना तेवीस, पाण्यात शेवटचा प्रवास, कधीच नाही. सगळं लिहिलंय. खाली कुणाची सही आहे तेवढं बघा."

सर्वेक्षकांनी फाइलमधला अर्ज काढला. एकोणीस वाचला. बावीस वाचला. तेवीस वाचला. मग खालची सही पाहिली, आणि कुणी ओळखीचा माणूस भलत्या जागी भेटावा तसे तिच्याकडे बघत राहिले.

सही त्यांचीच होती.

आता आली का पंचाईत! नोंदणी चूक म्हणावी, तर न वाचता सही केली हे स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागणार. बरोबर म्हणावी, तर समोर सदतीस टन सिमेंट.

"साहेब, काय ठरलं?" इंजिनिअर ओरडले. "रद्द ना?"

सर्वेक्षकांनी अर्ज फाइलमध्ये घातला, पुन्हा बाहेर काढला.

एवढ्यात पाण्यातून सासूबाई आल्या. एका हाताने साडी सावरलेली, दुसऱ्या हातात घडी केलेली खुर्ची.

"काय रे," त्या म्हणाल्या, "अजून न वाचताच सह्या करतोस?"

सर्वेक्षकांनी पाहिलं आणि ते पाण्यातच ताठ उभे राहिले. "बाई! तुम्ही?"

"ही माझी सून. अजून साधा शेरा मारता येत नाही तुला? नोंदलेलं जलयान आहे. जमिनीवर आहे. हलत नाही. याला नोंदवहीत काय म्हणतात?"

सर्वेक्षकांचा चेहरा हळूहळू उजळला. "रुतलेलं."

"आणि रुतलेल्या जलयानाचं काय करतात?"

"अपघाताची चौकशी!" ते आता धडा म्हणून दाखवावा तसे बोलू लागले. "चौकशी पूर्ण होईपर्यंत जलयान जागचं हलवू नये, फोडू नये, त्याच्या स्थितीत कोणताही बदल करू नये."

"चौकशीला काय काय लागतं?"

"अपघाताच्या दिवशीची हवामानाची नोंद, प्रवासाची वही, आणि खलाशांचे जबाब."

"किती वर्षांपूर्वीचे?"

"ऐंशी," सर्वेक्षक म्हणाले आणि प्रथमच हसले. "ही चौकशी काही माझ्या हयातीत संपत नाही बाई!"

इंजिनिअरांनी मशीन बंद केलं. शिरस्त्राण काढलं, बोटीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. "मग डॉल्फिनचं काय?" त्यांनी विचारलं.

किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला. संचालकांनी उरलेल्या बाहीने डोळे पुसले. दशांशबाईंना हुंदका आला. तो त्यांनी खोकून घालवला. बोट वाचली होती! सर्वेक्षकांनी शेरा लिहिला, शिक्का मारला आणि पान उलटलं.

"आता एकच रकाना. अपघाताला प्रथमदर्शनी जबाबदार?"

त्यांनी पेनचं टोक रकान्यावर टेकवलं.

"नियमाप्रमाणे कप्तान," सर्वेक्षक म्हणाले. "या बोटीचे कप्तान..."

सकाळपासून पुढे पुढे करणारे संचालक चपळाईने तीन पावलं मागे सरले. "या!" ते बोट दाखवून म्हणाले. "कप्तान या! मी फक्त इतिहास!"

"पण माझा जन्म अपघातानंतर अडतीस वर्षांनी झाला!" दशांशबाई म्हणाल्या. "आणि अपघात झालाच नाही. तीही पाण्यात नव्हती, मीही नव्हते."

"हे सगळं रकान्यात मावणार नाही मॅडम. दोन शब्दांची जागा आहे."

दशांशबाईंनी मागे बघितलं. ओल्या तळावर कुत्र्याची पावलं चकाकत होती, त्यामागे तो गडी. लाल फुली भरतीने अर्धीअधिक धुऊन नेली होती. त्यांनी घड्याळात पाहिलं. बारा एकतीस. मग पेन घेतलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा, दशांश न लावता, एक चुकीची गोष्ट सही करून मान्य केली.

बोट आजही तिथेच आहे. मागच्या भिंतीवर पाटी आहे: 'अपघातग्रस्त जलयान. चौकशी चालू.' दर वर्षी सर्वेक्षक येतात, दशांशबाईंचा जबाब घेतात, 'काही नवीन आठवतं का?' असं विचारतात आणि पुढची तारीख देतात. संचालक सहलीच्या पोरांना सांगतात, की त्या दिवशी आपण छत्तीस जणांना खवळलेल्या समुद्रातून सुखरूप काढलं. दशांशबाईंच्या वार्षिक गोपनीय अहवालात ओळ असते: 'कामात अचूक. अपघात, एक.'

परवा रविवारी घरची मंडळी तळ्यावर गेली होती. नवऱ्याने हौसेने पायडलची बोट घ्यायचं ठरवलं. दशांशबाई एक पाय आत टाकतात न टाकतात तोच सासूबाई काठावरून बोटवाल्याला म्हणाल्या, "अहो, तिच्या हाती सुकाणू देऊ नका बरं. तिने एक बुडवलीय."

बोटवाल्याने घाबरून दशांशबाईंकडे पाहिलं.

"बुडवली नाही," दशांशबाई शांतपणे म्हणाल्या. "रुतवली."

आणि निमूटपणे मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढे नवऱ्याने एक पायडल मारलं, आणि त्यांना मळमळायला लागलं. बोट अजून दोरीने बांधलेली होती.